मुल्हेर की मयूरगिरि? बागलाणातील एका उपेक्षित गिरिदुर्गाची नाममीमांसा

गिरिदुर्गांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे दोन प्रकारच्या साधनांवर भर दिला जातो. बखरी, फर्माने, पत्रे, प्रवासवृत्ते ही लिखित साधने एका बाजूस. तट, दरवाजे, टाकी, देवालये हे दगडी अवशेष दुसऱ्या बाजूस. स्थळनाम हे तिसरे साधन मात्र बहुधा शोभेपुरते वापरले जाते. लेखाच्या आरंभी नावाची एखादी सोयीस्कर व्युत्पत्ती द्यावयाची आणि लगेच लढायांकडे वळावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. व्युत्पत्ती ही अलंकारासारखी वापरली की ती तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातील मुल्हेर या किल्ल्याचे उदाहरण घेऊन, नावाचा पुरावा कोठवर नेता येतो आणि कोठे थांबावयास हवे, याचा विचार करावयाचा आहे. लेखाला आधार दोन प्रकारचा आहे: एक, ग्रंथगत उल्लेख, दुसरा, किल्ल्याची प्रत्यक्ष पाहणी. पाहणीवाचून ग्रंथांतील उल्लेखांचा अर्थ लागत नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. स्थळ

सटाण्याहून वायव्येस निघालेला रस्ता ताहराबादवरून मुल्हेर गावी पोचतो. गाव मोसम नदीच्या काठी आहे. कोजागिरी पौर्णिमेस उद्धव महाराजांच्या स्थानी होणाऱ्या रासक्रीडेमुळे त्याचे नाव या भागात सर्वांस ठाऊक आहे. किल्ला मात्र अभ्यासकांच्या वाटेवरून बाजूस राहिला आहे. गावाच्या पाठीशी एकाच डोंगराची तीन शिखरे दिसतात. मध्ये मुल्हेर, पूर्वेस मोरा, पश्चिमेस हरगड. मुल्हेरचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. माथ्यावरून पाहिले असता महाराष्ट्रातील सर्वांत उंच दुर्ग साल्हेर आणि मांगी-तुंगीची जोडशिखरे ही दोन्ही नजरेच्या टप्प्यात येतात. बागलाणचा राजा हीच जागा राजधानीस का निवडतो, हे नकाशावरून कळणार नाही; माथ्यावर उभे राहिले की ते आपोआप कळते. सुरतेहून बऱ्हाणपूर व दौलताबाद यांकडे जाणारी व्यापारी वाट ज्या प्रदेशातून जात होती, तो सारा प्रदेश येथून डोळ्यांखाली राहतो.

चढताना पाहणाऱ्याच्या प्रथम ध्यानात येते ती किल्ल्याची दुहेरी रचना. डोंगराच्या मध्यावर एक विस्तीर्ण पठार आहे. आज ते दाट झाडीने झाकलेले आहे. परंतु झाडीत शिरले की घरांची जोती, पडक्या भिंती, तळी आणि देवळे एकामागून एक दिसू लागतात. तळ्याच्या काठचे कोरीव खांबांचे गणेश मंदिर आणि सोमेश्वराचे देऊळ ही त्यांत विशेष लक्षणीय. सोमेश्वराचा गाभारा सभामंडपाच्या पातळीपेक्षा खाली आहे. पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावे लागते. राजवाड्याचे म्हणून दाखविले जाणारे अवशेषही याच पठारावर आहेत. वस्ती होती ती येथे. नगर म्हणावयाचे ते हेच. याच्या वर, एका घळीतून ओळीने असलेले दरवाजे ओलांडून गेले की माथा लागतो. तेथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, भडंगनाथाचे देऊळ आहे, आणि वाड्याचे जोते आहे. माथ्याच्या पूर्व अंगाने खिंडीत उतरून मोरागडावर जाता येते.

खालच्या पठारास माची व वरच्या भागास बालेकिल्ला म्हणतात. या दोन शब्दांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. तूर्त एवढेच नोंदवून ठेवू की एक शब्द संस्कृत ‘मञ्च’ पासून आलेला आहे, तर दुसऱ्यात ‘बाला’ म्हणजे वरचा हा फार्सी शब्द आणि ‘कलआ’ हा अरबी शब्द एकत्र आलेले आहेत.

२. राजवंश आणि त्याचा कवी

मुल्हेरवर राज्य करणाऱ्या घराण्यास आपण बागुल घराणे म्हणून ओळखतो. प्रदेशाचे बागलाण हे नाव आणि बागुल हे कुलनाम यांचा संबंध परंपरेने मानला जातो. बागुल हे आडनाव आजही त्या भागात सर्रास आढळते. गुजरातचा वाघेला राजा कर्ण याने अल्लाउद्दीन खलजीच्या सैन्यापुढे टिकाव न लागल्यामुळे देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या आश्रयाने बागलाणात काही काळ काढला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १३४० च्या सुमारास साल्हेर व मुल्हेरचे डोंगर मानदेव नावाच्या नायकाच्या ताब्यात होते, असा फार्सी तवारिखेतील उल्लेख नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरात दिला आहे. पुढे गुजरातचे सुलतान, अहमदनगरची निजामशाही आणि दिल्लीचे मोगल अशा तीन सत्तांच्या सांध्यावर हे लहानसे राज्य जवळजवळ तीनशे वर्षे टिकले. कधी खंडणी देऊन, कधी लढून, कधी पक्ष बदलून ते टिकले. आणि या साऱ्यांस डोंगराचा आधार होता.

या घराण्याचा इतिहास आपल्यास मुख्यतः ‘राष्ट्रौढवंश’ या संस्कृत महाकाव्यावरून कळतो. रुद्रकवीने हे वीस सर्गांचे काव्य शके १५१८ मध्ये, म्हणजे इ. स. १५९६ मध्ये, नारायणशाह या बागुल राजाच्या काळी रचले. गायकवाड प्राच्यविद्या मालेत १९१७ साली ते प्रसिद्ध झाले. काव्याचा आरंभ कैलासावरील द्यूतापासून होतो. शंकराच्या मस्तकावरील चंद्रापासून एक बालक उत्पन्न होते, ते कनोजच्या अपुत्र राजास दिले जाते, आणि त्याच्यापासून राष्ट्रौढ वंश चालतो. पौराणिक भाग सोडला तर पुढील सर्गांत शेजारच्या सुलतानांशी झालेल्या व्यवहारांची बरीच माहिती मिळते. या काव्यात राजधानीचे नाव मयूरगिरि असे येते.

रुद्रकवीचे कार्य येवढ्यावर संपले नाही. नारायणशाहानंतर गादीवर आलेल्या प्रतापशाहाच्या वेळी त्याने मोगल दरबारातील मोठ्या पुरुषांवर संस्कृत काव्ये लिहिली. अकबराचा पुत्र दानियाल याजवर ‘दानशाहचरित’, अब्दुर्रहीम खानखानान याजवर ‘खानखानाचरित’ (१६०९), तसेच जहांगीर व खुर्रम यांवरही त्याने रचना केली. स्तुतिकाव्य म्हणून यांची बोळवण करणे सोपे आहे. परंतु राज्य लहान, शेजारी प्रबळ, आणि दख्खनच्या मोहिमांचा मार्ग आपल्या दारावरून जाणारा, अशा राजाने पाठविलेले काव्य म्हणजे एक प्रकारचा वकीलच होय. तलवारीने जे साधणार नव्हते ते शब्दाने साधण्याचा तो यत्न होता. हा कवी शब्दांचे राजकीय मोल जाणणारा होता, ही गोष्ट त्याने वापरलेल्या नावांचा विचार करताना दृष्टीआड करून चालणार नाही.

३. एक डोंगर, दोन नावे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मुल्हेर हे मयूरगिरीचे अपभ्रष्ट रूप आहे असे बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेले असते. मूळ संस्कृत नाव मयूरगिरि. लोकांच्या तोंडी ते बिघडत बिघडत मुल्हेर झाले, असा सर्वसाधारण समज. महाभारतातील मयूरध्वज राजाशी स्थळाचा संबंध जोडणारी दंतकथा या समजास पाठबळ देते. हा समज भाषाशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरतो हे पाहिले पाहिजे.

संस्कृत ‘मयूर’ याचे प्राकृतात मऊर व मोर असे रूप होते आणि मराठीत मोर. यात शंकेस जागा नाही. समासाच्या उत्तरपदी आलेल्या ‘गिरि’ शब्दातील स्वरमध्यस्थ ग प्राकृत अवस्थेत लोप पावू शकतो. तेव्हा मयूरगिरीचे नियमानुसार होणारे रूप मोरेर किंवा मोरिर यासारखे काहीतरी व्हावयास हवे. मोरेरपासून मुल्हेर होण्यास तीन गोष्टी घडाव्या लागतील: ओकाराचा उकार, रकाराचा लकार, आणि मध्ये हकाराचा आगम. यांतील कोणतीही एक गोष्ट एकेकट्या शब्दात घडलेली दाखविता येईल. परंतु तिन्ही एकाच लहान शब्दात, कोणतेही मधले रूप मागे न ठेवता घडल्या असे मानणे म्हणजे निष्कर्ष आधी ठरवून त्यास नियम शोधणे होय.

दुसरा आक्षेप याहून बलवत्तर आहे, आणि तो प्रत्यक्ष स्थळी गेल्यावरच मनात ठसतो. मुल्हेरच्या माथ्यावरून पूर्वेस पाहिले की हाकेच्या अंतरावर जो डोंगर उभा आहे त्याचे नाव मोरा. म्हणजे मोर हा शब्द याच परिसरात, याच लोकांच्या तोंडी, मुळीच न बिघडता राहिलेला आहे. एका खिंडीच्या पूर्वेस ‘मोर’ हे रूप जसेच्या तसे रहावे आणि पश्चिमेस त्याच शब्दाचे ‘मुल्’ व्हावे, यास ध्वनिनियमांत आधार नाही. ध्वनिपरिवर्तन शब्द पाहून निवड करीत नाही. एका बोलीत, एका काळी, सारख्या परिस्थितीत ते सारखेच घडते. नव्या व्याकरणपंथाच्या जर्मन पंडितांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या या तत्त्वास पुढे पुष्कळ मुरडी घातल्या गेल्या आहेत. तरी शेजारच्या दोन शिखरांच्या बाबतीत ते नाकारावयाचे असेल तर तसे सबळ कारण दाखविले पाहिजे.

तिसरा मुद्दा साल्हेर या नावाचा. साल्हेर आणि मुल्हेर ही जोडनावे आहेत. ल्हेर हा शेवटचा भाग दोहोंत सारखा आहे. साल्हेरचा मयूराशी संबंध कोणीही जोडलेला नाही. मग मुल्हेरमधील ज्या भागाचे स्पष्टीकरण आपण मयूरगिरीवरून देऊ पाहतो तोच भाग साल्हेरमध्ये कोठून आला? खानदेशात व त्याच्या आसपास ‘नेर’ अंती असलेल्या ग्रामनामांची एक ओळ आहे: अमळनेर, जामनेर, संगमनेर. तेथे ‘नगर’ या एका मूळ शब्दाने सर्वांचा उलगडा होतो, म्हणून ती व्युत्पत्ती आपण स्वीकारतो. त्याच न्यायाने साल्हेर व मुल्हेर यांच्या अंत्य भागाचा उलगडा एकाच मार्गाने व्हावयास हवा. जी व्युत्पत्ती जोडीतील एकालाच लागू पडते ती टाकून देणे प्राप्त आहे.

चौथा मुद्दा कालाचा. अपभ्रंश व्हावयास काळ लागतो. मयूरगिरि हे मूळ व मुल्हेर हे त्याचे झिजलेले रूप असेल, तर आधी एक आणि नंतर दुसरे असा क्रम साधनांत दिसावा. प्रत्यक्षात काय दिसते? रुद्रकवीचे काव्य १५९६ चे. अबुल फजलचा ‘आईने अकबरी’ हा ग्रंथ याच दशकाच्या अखेरीचा. त्यात बागलाणच्या वर्णनात मुल्हेर व साल्हेर हे विशेष बळकट किल्ले म्हणून नावानिशी सांगितले आहेत. म्हणजे राजाच्या पदरचा पंडित ज्या वर्षांत मयूरगिरि लिहीत होता त्याच वर्षांत मोगल दप्तरात मुल्हेर हे नाव रूढ होते. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या १६१० च्या सुमाराच्या वृत्तातही प्रतापशाहाच्या मुलखातील ही दोन नगरे आणि तेथे पाडल्या जाणाऱ्या महमुदी नाण्यांचा उल्लेख आहे. दप्तरातले कारकून आणि पेठेतले व्यापारी ज्या नावाने गावास ओळखतात ते चालते नाव. दोन्ही नावे एकाच काळी नांदत होती. फरक होता तो वापरणाऱ्यांचा.

४. राष्ट्रौढ या शब्दाची साक्ष

मग मयूरगिरि हे नाव आले कोठून? याचे उत्तर त्याच काव्याच्या शीर्षकात दडलेले आहे.

राष्ट्रौढ हा शब्द पहा. ‘राष्ट्रकूट’ या जुन्या संज्ञेचे प्राकृतात रट्ठऊड असे रूप झाले. स्वरमध्यस्थ ककार गेला, टकाराचा डकार झाला, संयुक्त व्यंजनाचे समीकरण झाले. त्यापासून राठौड, राठोड. हा सर्व प्रवास नियमास धरून आहे. आता कवीपुढे राठोड हे चालते कुलनाम होते आणि त्यास महाकाव्यात शोभेल असे रूप द्यावयाचे होते. त्याने पूर्वार्ध ‘राठ’ याचा पुन्हा राष्ट्र केला. परंतु उत्तरार्ध ‘औड’ हा मुळात कूट होता याची स्मृती नष्ट झालेली होती. म्हणून त्यास ‘ऊढ’ म्हणजे वाहिलेला, धारण केलेला, या संस्कृत शब्दाशी जोडून राष्ट्रौढ असे रूप सिद्ध झाले. राष्ट्राचे वहन करणारा असा त्यास अर्थही लावण्यात आला आणि काव्यातील जन्मकथा त्या अर्थास जुळवून घेतली गेली. म्हणजे राष्ट्रौढ हा शब्द दिसावयास प्राचीन. पण वास्तविक तो राठोड या देशी रूपावरून उलट दिशेने घडविलेला आहे. देशी शब्दास संस्कृत पोशाख चढविण्याची ही क्रिया आपल्या वाङ्मयात सर्वत्र आढळते.

हीच क्रिया राजधानीच्या नावाच्या बाबतीत घडली असे मानण्यास कोणतीही अडचण रहात नाही. मुल्हेर हे नाव महाकाव्याच्या छंदात व भाषेत बसणारे नव्हते. शेजारी मोरा होता; मोर म्हणजे मयूर हे समीकरण कोणाही पंडितास सहज सुचणारे; दोन्ही शिखरे खिंडीने जोडलेली, एकाच तटबंदीच्या योजनेत सामावलेली. तेव्हा मयूरगिरि हे नाव मोऱ्यावरून सिद्ध झाले आणि राजधानीच्या समग्र डोंगरास लावले गेले, असे अनुमान करता येते. मोरा या नावाचे मूळ प्रत्यक्ष मोर पक्ष्यात आहे की अन्य कशात, हा प्रश्न येथे निराळा ठेवला पाहिजे. पंडितास ध्वनिसाम्य पुरेसे होते. आपल्या प्रमेयास इतकेच आवश्यक आहे की मुल्हेर हे मयूरगिरीपासून झालेले नाही, आणि मयूरगिरि हे दरबाराने वापरलेले, घडविलेले नाव आहे.

याचा ऐतिहासिक अर्थ लहान नाही. १५९६ साली अकबराची नजर दख्खनकडे वळलेली होती. अहमदनगरला त्याच्या सैन्याचा वेढा नुकताच पडून गेला होता. अशा वेळी डोंगराळ मुलखातला एक राजा आपल्या घराण्यास चंद्रापासून उत्पन्न झालेला राष्ट्रौढ वंश म्हणवितो आणि आपल्या गडास मयूरगिरि म्हणवितो. व्यवहारात मात्र तो जी महमुदी नाणी पाडतो त्यांस गुजरातच्या सुलतान महमूदाचे नाव चिकटलेले आणि त्यांवर ठसा अकबराच्या नावाचा. संस्कृत काव्यातील स्वामित्व आणि नाण्यावरील मांडलिकत्व ही एकाच राज्यकर्त्याची दोन रूपे आहेत. एकच साधन वाचणाऱ्यास एकच रूप दिसेल.

५. तिसरे नाव आणि त्याची गत

१६३६ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला. त्याने मालोजी दखनी व मुहम्मद ताहिर यांस बागलाणवर रवाना केले, आणि १६३८ च्या आरंभी मुल्हेरला वेढा पडला. या मोहिमेचे वर्णन वाचताना माची व बालेकिल्ला ही रचना डोळ्यांपुढे असली पाहिजे. प्रथम खालची वस्ती मोगलांच्या हाती गेली. राजा मोजक्या लोकांनिशी वरच्या किल्ल्यात गेला. नगर गेले, धान्य गेले. वर टाक्यांतले पाणी होते, पण पाण्यावर वेढा किती दिवस निभावणार? राजाने आपली आई व कारभारी यांस किल्ल्यांच्या किल्ल्या देऊन औरंगजेबाकडे पाठविले, आणि सुलतानपूर परगणा आपल्याकडे रहावा एवढे मागितले. त्यास तीन हजारी मनसब मिळाली. शाहजहानच्या दरबारी इतिहासकाराने जिंकलेल्या मुलखाचा हिशेब नऊ किल्ले, चौतीस परगणे व एक हजार एक गावे असा दिला आहे. या आकड्याने बागलाणचे स्वतंत्र राज्य संपले.

विजयानंतर मुल्हेरचे नाव औरंगगड असे ठेवण्यात आले. आज त्या नावाची आठवण मुल्हेर गावातही कोणाच्या बोलण्यात नाही. यात नवल नाही. औरंगजेबाने पुढे सिंहगडास बक्षिंदाबक्ष, राजगडास नबीशाहगड, तोरण्यास फुतूहुल्गैब अशी नावे दिली. ती सर्व फर्मानांच्या कागदावर राहिली. परंतु येथे एक विरोध दिसतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. ज्या मुहम्मद ताहिराने मुल्हेर घेतले त्याच्या नावाचे ताहराबाद हे गाव आजही आहे. मुल्हेरला जाणारा प्रत्येक जण त्यावरूनच जातो. (संतचरित्रकार महीपतींचे ताहराबाद ते निराळे, ते राहुरीच्या बाजूस आहे.) ताहिर-आबादमधील ऱ्हस्व इकार मराठी उच्चारात लोपला, शब्द घरचा झाला, आणि राहिला.

शहजाद्याच्या नावाने ठेवलेले नाव पुसले गेले आणि त्याच्या सरदाराच्या नावाने ठेवलेले टिकले; याचे कारण मानाच्या पायरीत शोधून सापडणार नाही. औरंगगड हे नाव जुन्या, चालत्या नावावर लादलेले होते. गडाखालचा शेतकरी, वाण्याचा तांडा, देवळाचा पुजारी यांस मुल्हेर म्हणून काम भागत होते. नवे नाव घेण्याचे त्यांस प्रयोजन नव्हते. ताहराबाद हे नव्या वसाहतीचे नाव; त्यास प्रतिस्पर्धी नव्हता, आणि बाजाराचे गाव म्हणून ते रोज उच्चारले जात होते. नाव टिकते ते आज्ञेने नव्हे, उच्चाराने. मयूरगिरि आणि औरंगगड ही दोन नावे एक संस्कृत व एक फार्सी, एक स्वकीय दरबाराचे व एक परकीय दरबाराचे. पण त्यांचे भवितव्य एकच झाले, कारण दोन्ही दरबाराचीच होती. दोन्ही नावांच्या मधून मुल्हेर हे नाव वाट काढीत आले आहे.

६. गडावरील शब्दसंपत्ती

१६७२ च्या साल्हेरच्या लढाईनंतर मुल्हेरही मराठ्यांकडे आले. पुढे ते मोगलांकडे गेले, आणि १६८७ मध्ये मुल्हेरचा मोगल किल्लेदार नेकनामखान याने साल्हेरच्या असोजीस वश करून तो किल्ला लढाईवाचून मिळविला. अठराव्या शतकात पेशव्यांचा अंमल आला व जुलै १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. या सर्व घडामोडींचा गाळ शब्दांच्या रूपाने गडावर साचलेला आहे. गॅझेटिअरात येथील तोफांची नावे दिली आहेत: फत्तेलष्कर, रामप्रसाद, शिवप्रसाद आणि मार्कंडेय तोफ. ‘तोफ’ हा शब्द तुर्की. फत्तेलष्कर हे नाव अरबी व फार्सी शब्दांचे. बाकीची नावे पुराणांतली. मार्कंडेय तोफ मोडून तिचा धातू इंग्रज सरकारने विकला, असे तेथेच नोंदले आहे. किल्ल्याच्या इतिहासाचे सार या चार नावांत सापडावे, इतकी ती बोलकी आहेत.

गडावर चालताना जे शब्द लागतात त्यांची दोन गटांत वाटणी करून पाहिली तर एक व्यवस्था आढळते. माची, टाके, तट, कडा, खिंड, घळ, वाट हे शब्द एका गटात येतात. किल्ला, बालेकिल्ला, दरवाजा, बुरूज, तोफ, हवालदार, किल्लेदार हे दुसऱ्या गटात. पहिला गट भूमीचा आणि पाण्याचा. तो देशी आहे. दुसरा गट लढाईचा आणि अंमलाचा. तो अरबी, फार्सी वा तुर्की आहे. अंमल बदलला की अंमलाचे शब्द बदलतात. डोंगर व पाणी यांस लावलेले शब्द बदलत नाहीत, कारण ते अंमलदाराने शिकविलेले नसतात. रघुनाथपंत हणमंते यांच्या ‘राजव्यवहारकोशा’त दुर्गवर्ग म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे आणि दुसऱ्या गटातील शब्दांस संस्कृत पर्याय सुचविले आहेत. त्या कोशातील पहिल्या वर्गाची कमी गरज पडली आणि दुसऱ्याची अधिक, हे या वाटणीवरूनच कळेल. पर्याय विद्वत्तापूर्ण होते. परंतु गडकरी दरवाजाला दरवाजाच म्हणत राहिला. औरंगगड नाव न रुजण्याचे जे कारण तेच येथेही लागू आहे.

७. उपसंहार

या विवेचनातून निघणारे निष्कर्ष मर्यादित आहेत. मुल्हेर हे मयूरगिरीचे भ्रष्ट रूप नव्हे. मयूरगिरि हे राष्ट्रौढप्रमाणे दरबारी संस्कृतीकरणाचे फळ आहे. औरंगगड हे नाव लादलेले म्हणून गेले आणि ताहराबाद वापरातले म्हणून राहिले. बागुल या कुलनामावरून मुलांस भिवविण्याचा बागुलबुवा निघाला, यासारखी मोहक व्युत्पत्ती कानी पडली तरी मधली रूपे आणि दिनांकित उल्लेख हाती आल्यावाचून तिचा स्वीकार करू नये, हाच नियम मयूरगिरीस लावला इतकेच.

परंतु या प्रश्नास एक तातडीची बाजू आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले. त्यांत साल्हेरचा समावेश आहे, मुल्हेरचा नाही. साल्हेरला मिळालेला मान यथोचितच आहे. तथापि ज्या राज्याचा साल्हेर हा एक दुर्ग होता त्याची राजधानी यादीबाहेर राहिली, आणि नावांत जोडलेली ही जोडी कागदावर तुटली. प्रसिद्धी मिळालेल्या स्थळी फलक लागतात, मार्गदर्शिका निघतात, आणि त्यांवर छापलेली व्युत्पत्ती दहा वर्षांत लोकपरंपरा म्हणून परत ऐकू येऊ लागते. अप्रसिद्ध स्थळी हे अद्याप घडलेले नाही. म्हणून भाषेच्या अभ्यासकास मुल्हेर आज साल्हेरहून अधिक मोलाचे आहे.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे यास्तव एक काम ठेवावेसे वाटते. मुल्हेर, मोरा व हरगड या तिन्ही शिखरांवरील प्रत्येक टाके, दरवाजा, घळ, पायवाट आणि खालच्या शिवारातील प्रत्येक शेत यांस स्थानिक लोक कोणत्या नावाने ओळखतात, याची नोंद उच्चारासह करावयास हवी. त्या भागातील अहिराणी व आदिवासी बोली बोलणारी वडीलधारी मंडळी हेच या नोंदीचे आधार होत. नोंद करताना अर्थ विचारू नये. आधी नाव जसे उच्चारले जाते तसे लिहून घ्यावे, कारण अर्थ विचारला की सांगणारा आपल्या समाधानासाठी अर्थ तयार करतो, आणि सोळाव्या शतकातील पंडिताने जे केले तेच पुन्हा घडते. अशा शेदोनशे नावांचा संग्रह झाला म्हणजे साल्हेर व मुल्हेर यांच्या अंत्य भागास सजातीय अशी आणखी नावे सापडण्याचा संभव आहे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर एका नावावरून देता येत नाही ते दहा नावांवरून देता येईल.

तटाचा दगड ढासळला तरी जागेवर पडून राहतो. पुढचा संशोधक तो पाहू शकतो. शेताचे किंवा टाक्याचे नाव शेवटच्या जाणत्या माणसाबरोबर जाते. त्या नावांची पहिली यादी या वर्षीच्या हिवाळ्यात, पावसाळ्यानंतर झाडी विरळ होताच, करावयास घेता येईल.